जागतिक आर्थिक संकटात कोल्हापूरच्या लघुउद्योजकाने कारखाना कसा सांभाळावा

न्यूयॉर्कच्या लेहमन ब्रदर्स या वित्तसंस्थेने १५ सप्टेंबर २००८ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा शिरोली किंवा उद्यमनगरातील फाउंड्रीवाल्याचा त्या संस्थेशी थेट व्यवहार असण्याचे काहीच कारण नव्हते. तरीही त्या वर्षीच्या दिवाळीच्या आसपास ग्राहक कंपन्यांची मासिक शेड्यूल, म्हणजे दरमहा किती माल हवा याची पत्रके, आक्रसू लागली आणि हिवाळ्यात देशातील ट्रकची विक्री जवळपास निम्म्यावर आली, तशी ट्रकचे सुटे भाग ओतणाऱ्यांची कामेही घटली. पुढे २०१३ मध्ये रुपया कोसळला, २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले. प्रत्येक वेळी कारण निराळे होते. मात्र धक्का कारखान्यापर्यंत ज्या वाटांनी येतो त्या फारशा बदलल्या नाहीत.

हे मार्गदर्शन प्रामुख्याने शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर आणि कागल-हातकणंगले वसाहतीतील ओतकाम, मशिनिंग व जॉबवर्क करणाऱ्या छोट्या कारखान्यांसाठी आहे. इचलकरंजीचे यंत्रमागधारक आणि हुपरीचे चांदी कारागीर यांनाही त्यातील बराचसा भाग लागू पडेल. आपल्या भागातील कारखान्यांचे हिशेब पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. एरवी नीट चालणारा छोटा कारखाना अशा काळात सहसा तोट्याने बंद पडत नाही. येणे असलेले पैसे आणि द्यायचे असलेले पैसे यांच्या तारखांचा मेळ सुटतो, आणि नफ्यात असलेला माणूसही शनिवारच्या पगाराला अडतो. म्हणून पुढे जे सांगितले आहे ते सगळे त्या तारखा सांभाळण्याविषयी आहे.

बातमी कशी वाचावी

जागतिक संकटाच्या बातम्या सुरू झाल्या की सर्वांत आधी शेअर बाजाराचा आकडा डोळ्यांसमोर नाचू लागतो. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या वर गेला होता आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरअखेर काही काळ ८,००० च्याही खाली उतरला होता. त्या पडझडीने मन धास्तावते हे खरे; परंतु त्या आकड्यावरून आपल्या पुढच्या महिन्याच्या शेड्यूलचा अंदाज बांधता येत नाही. त्यापेक्षा ट्रॅक्टर, ट्रक व दुचाकींच्या मासिक विक्रीचे आकडे, पिग आयर्न (ओतकामाचे कच्चे लोखंड) आणि स्क्रॅपचे भाव, डॉलरचा दर आणि आपल्या ग्राहकाच्या गोदामात पडून असलेला आपला माल, या चार गोष्टींची नोंद दर आठवड्याला एका वहीत ठेवावी. शेवटची गोष्ट कोणत्याही वर्तमानपत्रात येत नाही. माल पोहोचवणारा आपला टेम्पोचालक आणि ग्राहकाच्या स्टोअरमधील माणूस यांच्याकडून ती कळते, आणि बहुधा इतर सगळ्यांच्या आधी कळते.

मागणी घटते तेव्हा ओतकाम करणाऱ्याला बसणारा धक्का मूळ घसरणीपेक्षा मोठा का असतो, हे एकदा आकड्यांनी समजून घ्यावे. समजा, एका कंपनीचे महिन्याला १,००० ट्रॅक्टर खपतात आणि कंपनी व तिचे विक्रेते मिळून दोन महिन्यांचा, म्हणजे २,००० ट्रॅक्टरांचा साठा बाळगतात. खप ८०० वर आला की दोन महिन्यांचा साठा १,६०० चाच पुरतो, म्हणजे ४०० ट्रॅक्टर आधीच जास्त बनलेले असतात. कंपनीने तो जादा साठा एकाच महिन्यात संपवायचे ठरवले, तर त्या महिन्यात तिला केवळ ४०० ट्रॅक्टर बनवावे लागतात. खप २० टक्क्यांनी घटला, पण आपली ऑर्डर मात्र ६० टक्क्यांनी घटली. साठा संपला की उत्पादन पुन्हा ८०० वर येते. प्रत्यक्षात ही उतरण दोन-तीन महिन्यांत पसरते आणि सुट्या भागांच्या साठ्यामुळे तिची तीव्रता आणखी वाढते.

यावरून दोन निष्कर्ष निघतात आणि दोन्ही एकाच वेळी मनात धरावे लागतात. पहिल्या दोन महिन्यांचे शेड्यूल पाहून यंत्र विकणे किंवा जुना मोल्डर (साचे तयार करणारा कारागीर) कायमचा काढून टाकणे, असे परत न फिरवता येणारे निर्णय घेऊ नयेत, कारण ती घसरण मागणीचे खरे माप दाखवत नाही. दुसरीकडे, त्या दोन-तीन महिन्यांची रोख तजवीज मात्र लगेच करावी, कारण घसरण तात्पुरती असली तरी पगार आणि वीजबिल तात्पुरते थांबत नाहीत.

तेरा आठवड्यांचा रोख तक्ता

बातमी गंभीर वाटू लागली त्याच आठवड्यात एक कागद घ्यावा आणि त्यावर पुढच्या तेरा आठवड्यांचे तेरा रकाने आखावेत. वरच्या भागात प्रत्येक आठवड्याला बँकेत प्रत्यक्ष किती रक्कम येईल ते लिहावे. बिल कधी पाठवले हे महत्त्वाचे नाही, तो ग्राहक मागच्या सहा बिलांचे पैसे सरासरी किती दिवसांनी देत आला आहे, त्यावरून तारीख धरावी. खालच्या भागात पगार, वीजबिल, जीएसटी, भविष्यनिर्वाह निधी, बँकेचे व्याज व हप्ते, स्क्रॅपवाल्याचे पैसे आणि घरखर्चासाठी उचलायची रक्कम लिहावी. घरखर्च वगळून केलेला तक्ता खोटा ठरतो, कारण छोट्या कारखान्यात घर आणि धंदा एकाच खात्यावर चालतात. दर सोमवारी मागच्या आठवड्याचा अंदाज प्रत्यक्षाशी ताडून पाहावा आणि शेवटी एक नवा आठवडा जोडावा.

या तक्त्यात पहिल्या महिन्या-दीड महिन्यात एक फसवी गोष्ट दिसते. ऑर्डरी घटल्या की कच्च्या मालाची खरेदी लगेच कमी होते, परंतु जुन्या चांगल्या महिन्यांच्या बिलांचे पैसे येतच राहतात. त्यामुळे खात्यात नेहमीपेक्षा जास्त शिल्लक दिसू लागते आणि संकट आपल्यापर्यंत आलेच नाही असे वाटते. ती शिल्लक नफा नसते. बाजारात अडकलेले आपले खेळते भांडवल परत येत असते, आणि पुढच्या तीन महिन्यांचा खर्च त्यातूनच भागवायचा असतो. नेमक्या याच काळात नवी गाडी घेतली जाते, प्लॉटचा बयाणा दिला जातो किंवा एखाद्या नातेवाइकाला हातउसने पैसे दिले जातात. तक्त्याचा सातवा-आठवा आठवडा पाहिल्याशिवाय त्या पैशाला हात लावू नये.

दुसरा सापळा कॅश क्रेडिटचा, म्हणजे साठा व येणी यांच्या आधारावर बँकेने दिलेल्या फिरत्या कर्जाचा आहे, आणि तो उदाहरणाशिवाय नीट लक्षात येत नाही. समजा, एका कारखान्याची मंजूर मर्यादा ६५ लाख रुपये आहे. साठा ३० लाख, येणी १०० लाख आणि कच्च्या मालाची देणी ४० लाख आहेत. साठा व येणी यांतून देणी वजा जाता ९० लाख उरतात आणि बँक २५ टक्के मार्जिन (आपला स्वतःचा वाटा) धरते, तेव्हा ड्रॉइंग पॉवर, म्हणजे या साठा-येण्यांवर उचलता येणारी कमाल रक्कम, ६७.५ लाख भरते. खात्यावर ६० लाख उचललेले आहेत, म्हणजे सर्व ठीक आहे. तीन महिन्यांनी भाव पडल्याने तोच साठा २४ लाखांचा उरतो. येणी ६५ लाखांवर येतात आणि त्यांतील १५ लाखांची येणी ९० दिवसांपेक्षा जुनी झाल्याने बँक ती हिशेबात धरत नाही. देणी २० लाखांवर उतरतात. आता हिशेब ५४ लाखांचा होतो आणि ड्रॉइंग पॉवर ४०.५ लाख. वसुलीतून देणी भागवून आणि खर्च काढून खात्यावरील उचल जरी ५५ लाखांवर आणली असली, तरी ती ड्रॉइंग पॉवरपेक्षा १४.५ लाखांनी जास्त ठरते. कोणाचेही पैसे बुडालेले नाहीत आणि कर्जही पाच लाखांनी कमी झालेले आहे, तरी बँकेच्या नोंदीत खाते अनियमित दिसू लागते.

म्हणून रोख तक्त्याच्या खाली आणखी एक ओळ आखून पुढच्या तीन महिनाअखेरींना आपली ड्रॉइंग पॉवर किती होईल, ते आजच काढून ठेवावे. बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये (साठ्याच्या विवरणात) पडलेल्या भावाचा साठा जुन्या भावाने दाखवण्याचा मोह अशा वेळी होतो. तो कटाक्षाने टाळावा. बँकेच्या तपासणीत ही गोष्ट उघड झाली की खाते सावरण्याच्या सगळ्या चर्चा थांबतात, आणि जी सवलत हक्काने मागता आली असती तीही मागण्याची सोय उरत नाही.

वसुली

मंदीत मोठी कंपनी सर्वांत आधी छोट्या पुरवठादाराचे पैसे लांबवते, कारण तिला ते बिनव्याजी कर्ज असते. त्याविरुद्ध आपल्याकडे एक कायदा आहे आणि त्याचा उपयोग शांतपणे करता येतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु उद्योगाने पुरवलेल्या मालाचे पैसे लेखी करार असल्यास त्यातील मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसल्यास ही मुदत १५ दिवसांची आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. शिवाय २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकरात बदल झाल्यापासून मुदतीनंतर दिलेली अशी रक्कम ग्राहकाला ज्या वर्षी ती प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी खर्च म्हणून वजा करता येते. वर्षअखेरीस ग्राहक कंपनीचा लेखापाल स्वतःहून आपली थकबाकी विचारू लागतो, तो या तरतुदीमुळेच.

या संरक्षणासाठी सरकारकडे लघुउद्योग म्हणून केलेली उद्यम नोंदणी आवश्यक आहे. ती नसेल तर माल पाठवण्याआधीच करून घ्यावी, आणि नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर व खरेदी आदेशाच्या पोचपावतीवर छापावा. थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर तक्रार दाखल करता येते, परंतु वर्षानुवर्षे काम देणाऱ्या ग्राहकाविरुद्ध हे पाऊल शेवटी उचलावे. आधी खरेदी विभागाऐवजी वित्त विभागाला पत्र द्यावे आणि त्यात बिलांचे क्रमांक, तारखा व ४५ दिवस पूर्ण होण्याचा दिवस एवढेच लिहावे. भावनिक विनवणीपेक्षा तारखांचा तक्ता जास्त काम करतो.

ट्रेड्स (TReDS) या बिलांवर आगाऊ रक्कम मिळवण्याच्या व्यवस्थेचा वापर आपल्याकडे अजून पुरेसा होत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. या ऑनलाइन मंचावर आपण पाठवलेले बिल ग्राहकाने मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात आणि थोडी सूट कापून काही दिवसांतच रक्कम आपल्या खात्यात येते. दर ठरतो तो मोठ्या ग्राहकाची पत पाहून, त्यामुळे तो आपल्या कॅश क्रेडिटपेक्षा स्वस्त पडू शकतो. आणि ग्राहकाने पुढे पैसे थकवले तर ती जबाबदारी आपल्यावर परत येत नाही. वार्षिक उलाढाल २५० कोटी रुपयांहून जास्त असलेल्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी बंधनकारक आहे, म्हणून आपला ग्राहक त्या आकाराचा असेल तर त्याला थेट विचारावे. एक मात्र ध्यानात घ्यावे की नोंदणी असणे आणि बिले मंचावर मान्य करणे या निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या गोष्टीसाठी पाठपुरावा आपल्यालाच करावा लागतो.

बँकेकडे आपण आधी जावे

बँकेच्या भाषेत हप्ता किंवा व्याज थकल्यापासून ३० दिवसांपर्यंत, ३१ ते ६० दिवस आणि ६१ ते ९० दिवस असे तणावाचे तीन टप्पे आहेत आणि ९० दिवस ओलांडले की खाते अनुत्पादक ठरते. कॅश क्रेडिट खाते मर्यादेपेक्षा किंवा ड्रॉइंग पॉवरपेक्षा सलग जास्त काळ वर राहिले तरी हीच घसरगुंडी सुरू होते. पहिल्या टप्प्यात शाखाधिकाऱ्याच्या हाती बरेच काही असते, तिसऱ्यात फारसे काही उरत नाही. त्यामुळे वर सांगितलेला तेरा आठवड्यांचा तक्ता घेऊन खाते अजून नियमित असतानाच शाखेत जावे आणि नवव्या आठवड्यात अडचण दिसते आहे, तोपर्यंत हे हे उपाय करत आहोत, आणि तरीही इतकी तूट राहील, असे स्पष्ट सांगावे.

रिझर्व्ह बँकेने मार्च २०१६ मध्ये लघुउद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी जी चौकट घालून दिली, तिच्यानुसार २५ कोटी रुपयांपर्यंत कर्ज असलेला उद्योजक धंदा अडचणीत येण्याची वाजवी भीती असल्यास स्वतःहून अर्ज करू शकतो, आणि बँकेच्या समितीला खाते दुरुस्त करणे, कर्जाची पुनर्रचना करणे किंवा वसुली करणे यांपैकी मार्ग ठरवावा लागतो. अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

सरकारी सवलत जाहीर झाली तर ती समजून मगच घ्यावी. मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात हप्ते पुढे ढकलण्याची मुभा मिळाली होती, पण व्याज चालूच होते. ज्यांच्याकडे रोख होती आणि तरीही ज्यांनी हप्ते थांबवले, त्यांचे कर्ज लांबले एवढेच झाले. त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या आपत्कालीन कर्ज हमी योजनेत शिल्लक कर्जाच्या २० टक्क्यांपर्यंत नवे कर्ज जादा तारणाशिवाय मिळत होते आणि त्याने पुष्कळ कारखाने तगले. मात्र त्या पैशाने जुनी महागडी खासगी देणी फेडणे आणि त्या पैशाने शेड वाढवणे, यांत फार मोठा फरक होता.

व्याजदराबाबतही चौकशी करावी. ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या सहा-सात महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ९ टक्क्यांवरून ४.७५ टक्क्यांवर आणला, पण तेव्हा ती कपात छोट्या कर्जदारापर्यंत फार सावकाश पोहोचली. ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना सूक्ष्म व लघु उद्योगांची नवी बदलत्या दराची कर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडावी लागतात. आपले खाते सहकारी बँकेत असेल, तर हा नियम तिला लागू नाही हे लक्षात ठेवून दर कधी व कसा बदलतो ते लेखी विचारून घ्यावे.

पैसे कोठे ठेवावेत

कोल्हापूर जिल्ह्यात सहकारी बँका, पतसंस्था आणि भिशी यांचे जाळे दाट आहे आणि अनेक छोटे कारखाने त्यांच्या आधारावरच उभे राहिले. त्यांच्याविषयी आदर ठेवूनही काही भेद स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. ठेव विमा महामंडळाचे संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत एकूण ५ लाख रुपयांपर्यंत आहे. ते व्यापारी बँकांना आणि सहकारी बँकांना लागू आहे. पतसंस्थांतील ठेवींना लागू नाही. भिशीला तर कोणतेही कायदेशीर कवच नसते. सुकाळात सगळे सभासद हप्ता देतात म्हणून भिशी चालते, परंतु मंदी येते तेव्हा एकाच वसाहतीतील, एकाच ग्राहकावर अवलंबून असलेल्या दहा जणांची अडचण एकाच महिन्यात येते. ज्या भिशीतील सगळे सभासद एकाच धंद्यातील आहेत, ती आपली राखीव रक्कम मानू नये. आणि संकटाची चाहूल लागल्यावर नव्या भिशीत शिरू नये.

बँक बुडाली नाही तरी तिच्यावर निर्बंध येऊ शकतात, आणि त्यात चालू खात्यातील पगाराचे पैसेही अडकतात. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला प्रत्येक खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. मार्च २०२० मध्ये येस बँकेच्या ग्राहकांना काही दिवस ५०,००० रुपयांची मर्यादा होती. त्यामुळे एका महिन्याचा पगार आणि एक वीजबिल भागेल एवढी रक्कम कर्ज नसलेल्या दुसऱ्या बँकेत ठेवावी. कर्ज असलेल्या बँकेत ठेवली तर थकबाकीपोटी ती वळती करून घेतली जाऊ शकते.

कच्चा माल आणि डॉलर

भाव पडू लागले की स्वस्तात साठा करून ठेवावा असे वाटते. पडत्या बाजारात हा मोह महागात पडतो, कारण ग्राहकही पिग आयर्न व स्क्रॅपच्या नव्या भावावर कास्टिंगचा दर कमी करून मागतो आणि अनेकदा मागील तारखेपासूनचा फरक डेबिट नोटने वळता करतो. आपल्याकडे मात्र जुन्या महाग मालाचे ढीग पडलेले असतात. दोन आठवड्यांच्या वापरापेक्षा जास्त साठा ठेवू नये, आणि भावफरक कोणत्या तारखेच्या, कोणत्या बाजाराच्या भावावर ठरणार, हे ग्राहकाकडून लेखी घ्यावे. हाच नियम इचलकरंजीत सुताला आणि हुपरीत चांदीला लावावा. चांदीत चढउतार अधिक तीव्र असल्याने तेथे स्वतःच्या जोखमीवर कच्चा माल ठेवण्यापेक्षा ग्राहकाच्या चांदीवर मजुरी घेणे संकटकाळात जास्त सुरक्षित असते.

निर्यातदाराने डॉलरविषयी एकच गोष्ट पक्की ठेवावी: परकीय चलनाचा करार हातात असलेल्या निश्चित ऑर्डरीपुरताच करावा. जानेवारी २००८ मध्ये डॉलर ३९ रुपयांच्या आसपास होता आणि पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये तो ५० च्या पुढे गेला. रुपया आणखी वधारेल असे धरून २००७-०८ मध्ये देशभरातील अनेक लहान-मोठ्या निर्यातदारांनी येन आणि स्विस फ्रँकशी जोडलेले गुंतागुंतीचे करार बँकांकडून घेतले होते. बाजार उलटा फिरल्यावर त्यांत मोठा तोटा झाला आणि प्रकरणे न्यायालयापर्यंत गेली. साधा फॉरवर्ड करार भविष्यातील दर आज बांधून देतो, त्यात नफा मिळवण्याचा हेतू नसतो. २०१३ मध्ये मे महिन्याच्या सुरुवातीला ५५ च्या आत असलेला डॉलर २८ ऑगस्टला ६८ रुपयांच्या वर गेला, तेव्हाही ज्यांचे करार ऑर्डरीएवढेच होते त्यांची झोप उडाली नाही.

परदेशी ग्राहक दिवाळखोर होण्याची जोखीम निर्यात पतहमी महामंडळाच्या विम्याने बरीचशी उतरवता येते. हा विमा संकट येण्यापूर्वी घ्यायचा असतो, कारण ग्राहक डबघाईला आल्याची बातमी पसरली की त्याच्यावरील मर्यादा महामंडळ स्वतःच कमी करते. आयातशुल्क वाढल्यास त्याचा भार कोणी उचलायचा, हेही नव्या प्रत्येक कोटेशनमध्ये नमूद करावे.

भट्टी आणि माणसे

फाउंड्रीत विजेचा खर्च मोठा असतो आणि त्यातील स्थिर आकार भट्टी बंद असली तरी द्यावाच लागतो. शेड्यूल निम्म्यावर आले असता रोज अर्धी भट्टी चालवण्यापेक्षा आठवड्यातून तीन दिवस पूर्ण क्षमतेने हीट (भट्टीभर धातू वितळवण्याच्या खेपा) काढाव्यात, म्हणजे धातू वितळत ठेवण्यात वाया जाणारी वीज वाचते. महावितरणच्या दरपत्रकात दिवसाच्या वेळेनुसार दर कमी-जास्त असतात, ते पाहून हीटची वेळ ठरवावी. मंदी सहा महिन्यांहून जास्त चालेल असे दिसत असेल तरच महावितरणशी करारात ठरलेली कमाल वीज-मागणी कमी करण्याचा अर्ज करावा. ती पुन्हा वाढवून घ्यायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात.

माणसांच्या बाबतीत मी जास्त आग्रही आहे. साच्यातली वाळू हातात घेऊन ओलावा सांगणारा मोल्डर तयार व्हायला वर्षे जातात, आणि तो एकदा गेला की तेजी आल्यावर दुप्पट पगार देऊनही तसा माणूस मिळत नाही. आपले बरेच कामगार करवीर, हातकणंगले, कागल, पन्हाळा या तालुक्यांतील गावांतून येतात आणि त्यांच्या घरी थोडीफार शेती असते. परप्रांतातून आलेल्या कामगाराला मात्र तो आधारही नसतो, म्हणून काम कमी करताना दोघांचा विचार सारखा करून चालत नाही. कपात करावीच लागली तर आधी ओव्हरटाइम थांबवावा, नंतर स्वतःची उचल कमी करावी, मग सर्वांचे दिवस सारख्या प्रमाणात घटवावेत आणि कायमची कपात सर्वांत शेवटी ठेवावी. कोणतेही पाऊल उचलण्यापूर्वी कामगार कायद्याच्या जाणकाराचा लेखी सल्ला घ्यावा.

शेड्यूल किती आहे, किती दिवस काम पुरेल आणि पगार कोणत्या तारखेला होईल, हे सर्वांना एकत्र बोलावून मालकाने स्वतः सांगावे. अफवेने माणसे आधी जातात ती नेमकी कुशल माणसे असतात, कारण त्यांनाच दुसरीकडे काम मिळते. कामगाराच्या पगारातून कापलेली भविष्यनिर्वाह निधीची रक्कम एक दिवससुद्धा खेळते भांडवल म्हणून वापरू नये. ती त्याची रक्कम आहे आणि तिच्या बाबतीत कायदाही कठोर आहे. दिवाळीच्या किमान ८.३३ टक्के बोनसची तरतूद दर महिन्याला थोडी थोडी वेगळ्या खात्यात करत जावी, म्हणजे सण आणि मंदी एकाच महिन्यात आल्यास घाईने कर्ज काढावे लागत नाही.

राहते घर नव्याने तारण ठेवू नये. पैशाची तातडी असेल आणि परतफेडीची तारीख तक्त्यात स्पष्ट दिसत असेल, तर सोनेतारण कर्ज चालेल. तोटा भरून काढण्यासाठी ते काढू नये.

ऑर्डरी परत येऊ लागतात तेव्हा

डिसेंबर २००८ मध्ये केंद्र सरकारने उत्पादन शुल्क ४ टक्के-बिंदूंनी कमी केले, फेब्रुवारीत आणखी कपात झाली, व्याजदरही उतरले आणि २००९-१० मध्ये वाहन उद्योग वेगाने सावरला. त्या वेळी साठे रिकामे असल्याने शेड्यूल एकदम चढते, आणि छोट्या कारखान्याची रोख अडचण पुष्कळदा नेमकी याच टप्प्यावर सर्वांत तीव्र होते. शिल्लक खर्च झालेली असते, मागील तिमाहीची विक्री कमी असल्याने बँक मर्यादा वाढवायला कचरते, स्क्रॅपवाला रोखीनेच माल देतो, आणि नव्या बिलाचे पैसे यायला दोन महिने लागणार असतात.

म्हणून मंदीतही कॅश क्रेडिटचा काही भाग न वापरता मोकळा ठेवण्याचा प्रयत्न करावा आणि पहिले वाढीव शेड्यूल हाती पडताच त्याची प्रत जोडून तात्पुरत्या वाढीव मर्यादेसाठी अर्ज द्यावा. वाढीव कामासाठी ग्राहकाकडून कच्च्या मालापुरता आगाऊ पैसा किंवा त्याच्याच खात्यावर माल मागावा. गरज त्याला असते तेव्हा तो हे मान्य करतो, दोन महिन्यांनी करत नाही. जेवढ्या मालाची रोख तजवीज तक्त्यात दिसते तेवढेच शेड्यूल पहिल्या महिन्यात स्वीकारावे आणि उरलेल्यासाठी पुढच्या महिन्याची तारीख ग्राहकाला लेखी कळवावी.